दोन उंबऱ्यांचं घर

हंबीरराव मास्तरांच्या नव्या घरातलं पहिलं भांडण चपलांवरून झालं. वास्तुशांतीचे पाहुणे जाऊन दोन दिवसही झाले नव्हते. मास्तर शाळेतून आले, बाहेरच्या दारातून शिरले, चार पावलं चालले आणि आतल्या दाराशी थांबून चपला काढू लागले.

"अवो, चपला घालून घरात काय येताय?" लीलाबाई कडाडल्या.

"घरात कुठं आलोय? अजून हॉलमधीच हाय की मी."

"मग हॉल काय रस्त्यावर हाय व्हय?"

मास्तरांनी आधी चपलांकडे पाहिलं, मग मागच्या दाराकडे, मग पुढच्या. वीस वर्षं गणित शिकवलेला माणूस, पण या प्रश्नाचं उत्तर काही त्यांना देता येईना. शेवटी ते मुकाट्यानं चार पावलं मागं गेले आणि चपला रस्त्याच्या पायरीवर काढून आले. अंधार पडेपर्यंत त्यातली एक कुत्र्यानं नेली. दुसऱ्या दिवसापासून घरातल्या साऱ्या चपला हॉलच्या मधोमध पडू लागल्या. तिथं त्या ना आत होत्या ना बाहेर, त्यामुळे भांडण मिटलं, पण ढीग वाढला.

कोल्हापुरात कसबा बावड्याच्या रस्त्याला नवे प्लॉट पडले होते, त्यातल्या एकावर मास्तरांनी हे घर बांधलं होतं. त्याआधी ते मंगळवार पेठेत भाड्यानं राहत. त्या घराला पुढं साधा उघडा सोपा, म्हणजे ओसरी होती. आला-गेला सोप्यावर टेकायचा, पाणी प्यायचा, चार गोष्टी सांगून उठायचा. आत कोण आणि बाहेर कोण, हा प्रश्न कधी कुणाला पडला नव्हता. प्रश्न पाडला तो नृसिंहानं. शाळेतले चित्रकलेचे शिक्षक दत्तोपंत यांचा हा मुलगा मुंबईहून घरबांधणी शिकून नुकताच परत आला होता आणि मास्तरांचं घर हे त्याचं पहिलंच काम होतं. त्यामुळे आयुष्यभर बांधायच्या सगळ्या घरांच्या कल्पना त्यानं याच एका घरात कोंबल्या होत्या.

"मास्तर, आपल्याकडे घराला प्रस्तावनाच नसते," नृसिंहानं नकाशा पसरून सांगितलं होतं. "दार उघडलं की थेट पहिला धडा! पाहुणा आत पाऊल टाकतो तो तुमच्या वाळत घातलेल्या धोतराखाली. तसं नको. आधी हॉल हवा. दोन्ही बाजूंना सिमेंटची बाकं, टोप्या-छत्र्यांना खुंट्या, पुढं बंद दार. तिथं माणसानं जरा बसावं, मनाची तयारी करावी, मग आत जावं. हॉलमधून घर दिसता कामा नये."

"म्हंजे हे आत धरायचं का भाईर?" लीलाबाईंनी विचारलं.

"आतही नाही आणि बाहेरही नाही, काकू. तीच तर गंमत आहे."

"मग झाडायचं कुनी?"

नृसिंह नकाशा गुंडाळू लागला. मास्तरांना मात्र हॉल पसंत पडला. का पडला ते त्यांनी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. दुसरी अडचण काढली ती मौलाली गवंड्यानं. भिंती छातीएवढ्या झाल्यावर तो थापी खाली ठेवून मास्तरांपुढे उभा राहिला.

"मास्तर, उंबरा कुठल्या दाराला बसवू?"

"दोन्हीला बसव."

"एका घराला दोन उंबरं? मग मानसानं कुटला उंबरा वलांडल्यावर घरात आलो म्हनायचं?"

"मौलाली, तू भिंत बांध. बाकीचं माझ्यावर सोड."

"सोडलं," मौलाली म्हणाला आणि त्यानं दोन उंबरे बसवले. पण पुढं प्रत्येक वेळी त्या दोहोंवरून जाताना तो मान हलवायचा.

त्या दोन उंबऱ्यांनी लीलाबाईंचं घड्याळच बिघडवलं. रोज सकाळी उंबऱ्याला हळदकुंकू लावायचं, तर कुठल्या? एक दिवस त्यांनी बाहेरच्याला लावलं, दुसऱ्या दिवशी आतल्याला, आणि तिसऱ्या दिवशी, लक्ष्मी नेमकी कुठं अडखळत असेल या काळजीनं, दोन्हींना. दूध घालणारी चिमणाबाई बाहेरच्या उंबऱ्यावरून ओरडायची, "वैनी, मी आत आली का न्हाई अजून?" आणि लीलाबाई आतून सांगायच्या, "थांब, बघते!"

खरा घोळ पुढंच होता. कोल्हापुरात एक रीत आहे. दाराबाहेर उभा असलेल्या माणसाला 'काय पावणं, कोण पायजे?' असं खुशाल विचारावं. पण माणूस उंबरा ओलांडून बसला की त्याला आधी गूळ-पाणी द्यायचं. बसलेल्याला 'तू कोण?' म्हणणं म्हणजे 'ऊठ' म्हणण्यासारखंच. आता हॉलमध्ये बसलेला माणूस एक उंबरा ओलांडून आलेला असे आणि एक त्याचा राहिलेला असे. त्याला विचारायचं की गूळ द्यायचा? लीलाबाईंनी सरळ गूळ द्यायचं ठरवलं. पाहुण्याचा अपमान होण्यापेक्षा गूळ गेलेला बरा.

नेमके त्याच महिन्यात तिसऱ्या प्लॉटवर एक दातांचे डॉक्टर आले. त्यांची पाटी अजून रंगाऱ्याकडेच होती. त्यामुळे दाढ धरून आलेला माणूस बावड्याच्या रस्त्यानं बघत बघत यायचा आणि जिथं दार उघडं, दोन बाकं, चपलांचा ढीग आणि पुढं बंद दार दिसेल तिथं बिनदिक्कत आत जाऊन बसायचा. त्याला कोल्हापुरात दवाखाना ओळखायला पाटीची गरज कधीच पडली नव्हती. शाहूवाडीकडचा एक शेतकरी पहिल्याच दिवशी आला. लीलाबाईंनी त्याला गूळ दिला. पाहुणचार नाकारायचा कसा, म्हणून त्या भल्या माणसानं तो दुखऱ्या दाढेनं चावला आणि जी बोंब ठोकली ती शेजारच्या उसात काम करणाऱ्या बायकांनीही ऐकली. तेव्हापासून, दाताचे असोत की गोताचे, लीलाबाई हॉलमधल्या माणसांकडे फार बारकाईनं न बघता नुसती गुळाची ताटली पुढं सरकवू लागल्या.

अशात घाटमाथ्यावरच्या गगनबावड्याहून, मास्तरांच्या गावाहून, पोस्टकार्ड आलं. मास्तरांनी ते उभ्यानंच वाचलं आणि मटकन बाकावर बसले.

"कुनाचं हाय?" लीलाबाईंनी विचारलं.

"तात्यांचं."

केरबा तात्या म्हणजे मास्तरांचे थोरले भाऊ. बाप लवकर गेला, तेव्हा तात्यांनी स्वतःची शाळा सोडून, भाताची खाचरं कसून हंबीरला शिकवलं होतं. आणि गेली आठ वर्षं दोघांचं येणं-जाणं तुटलं होतं. झालं होतं एवढंच, की एका पावसाळ्यात तात्या तांदळाचं पोतं खांद्यावर घेऊन, गुडघाभर चिखलानं माखून मंगळवार पेठेत आले. सोप्यावर शाळेचे इन्स्पेक्टर चहा पीत बसले होते. मास्तर गडबडले आणि हळूच म्हणाले, "तात्या, मागच्या दारानं या." तात्यांनी पोतं तिथंच रस्त्यावर टाकलं. "माझ्या भावाच्या घरात मी मागच्या दारानं येऊ? परत तुझ्या घराचा उंबरा वलांडला तर बापाचं नाव लावनार न्हाई!" असं भर पावसात ओरडून ते निघून गेले. त्या चार शब्दांची लाज मास्तरांच्या मनातून आठ वर्षांत एक दिवसही गेली नव्हती. हॉल त्यांना पसंत पडला तो त्यासाठीच. तात्या कधी आलेच तर एवढ्या थाटाच्या पुढच्या दारानं त्यांना आणायचं, हे त्यांनी नकाशा बघतानाच ठरवलं होतं.

पोस्टकार्डात लिहिलं होतं, 'दाढ फार दुखते. बावड्याच्या रस्त्याला डॉक्टर आहे असे कळले. बुधवारी येतो. तुझे घर तिकडेच आहे म्हणतात. रस्त्यावरून बघून जाईन. आत येणार नाही. शपथ ठाऊक आहेच.'

"रस्त्यावरनं बघून जातील?" लीलाबाईंचा आवाज भरून आला. "घरचा थोरला मानूस?"

"जाऊ देत न्हाई. स्टँडवरच गाठतो. पाय धरतो. काय म्हनायचं ते म्हनूदेत."

बुधवारी मास्तरांनी शाळेची रजा काढली आणि सकाळीच स्टँड गाठला. आठ वर्षं मनात घोळवलेलं भाषण ते वाटेत पुन्हा पुन्हा म्हणून बघत होते. गगनबावड्याची गाडी आली, रिकामी झाली, पण तात्या काही उतरले नाहीत. उतरणार कसे? ते गाडीनं आलेच नव्हते. ऊस घेऊन साखर कारखान्याला निघालेल्या एका ट्रकात बसून ते थेट बावड्याच्या रस्त्यावर येऊन पोचले होते. दाढेच्या ठणक्यानं त्यांनी उपरण्यानं जबडा बांधून डोक्यावर गाठ मारली होती आणि त्या गाठीवर फेटा कसाबसा बसवला होता. "दाताचा डाक्टर कुटं हाय?" त्यांनी एका गाडीवानाला विचारलं.

"त्यो काय, दारात चपलांचा ढीग हाय न्हवं का, तितंच आसंल," गाडीवान म्हणाला.

तात्या आत आले. चपला ढिगात टाकल्या, काठी खुंटीला अडकवली आणि बाकावर बसले. समोरच्या बाकावर बायडाबाई नावाची एक म्हातारी गाल धरून झुलत होती. तिला नुकताच गूळ मिळाला होता.

"लई दुखतंय?" तात्यांनी विचारलं.

"आदी कमी हुतं. हितलं औशीद खाल्लं आनि वाढलं बगा."

तेवढ्यात नवीन कोणी आलं वाटतं म्हणून लीलाबाई गुळाची ताटली घेऊन आतल्या दारात आल्या. त्यांनी दार वीतभर उघडलं, फेटा बघितला, फेट्याखालचं नाक बघितलं, आणि दार धाडकन लावून कडी घातली. हातातली ताटली फरशीवर पडून गरगरत राहिली.

"आत लई जोरात उपटाय लागलाय वाटतं," तात्या म्हणाले.

"हात सुटला आसंल डाक्टराचा," बायडाबाई कण्हल्या.

दाराच्या आत लीलाबाई कडीला पाठ लावून उभ्या होत्या. थोरले भावजी घरात आले होते! आठ वर्षांत जे झालं नाही ते आपोआप झालं होतं. पण ते झालंय हे फक्त त्यांना एकटीला माहीत होतं, भावजींना नव्हतं. पदर घेऊन पाणी द्यायला जावं तर ते उठून चालते होतील. न जावं तर घरचा थोरला माणूस तहानलेला बसून राहील. लीलाबाईंनी तीनदा तांब्या भरला आणि तीनदा ओतून टाकला.

एवढ्यात स्टँडवरून घामाघूम झालेले मास्तर आले. हॉलमध्ये पाऊल टाकताच त्यांना बाकावरचा फेटा दिसला.

"तात्या!"

तात्यांनी मान वळवली. दोघे भाऊ आठ वर्षांनी एकमेकांकडे बघत होते. मास्तरांच्या ओठांवर भाषणाचं पहिलं वाक्य आलं. पण तात्याच आधी बोलले.

"हंबीर? तू हितं? तुझाबी दात?"

मास्तरांची मान हो म्हणून हलली. का हलली ते पुढं कितीतरी दिवस त्यांनाही उमगलं नाही. हात आपसूक गालावर गेला.

"बस, बस," तात्या सरकून बसले. "माझी ही खालची दाढ. आपल्या आईचीबी अशीच किडायची. तुझी कुटली?"

"ही... डावी."

"आरं, हात उजव्या गालावर हाय तुझा."

"दोन्हीकडं हाय जरा जरा."

"घराण्याचीच कीड," तात्यांनी उसासा टाकला. तात्या काठीकडे बघत राहिले, मास्तर चपलांकडे. आपल्याच घराच्या बाकावर परक्यासारखं बसलेल्या मास्तरांना रडावं की हसावं ते कळेना. भाऊ शेजारी बसलाय, त्याच्या उपरण्याला तोच भाताच्या पेंढीचा वास येतोय, आणि आपण मात्र खोटी दाढ धरून बसलोय!

"तुझं घर हितंच कुटंतरी हाय म्हनं," तात्या अचानक म्हणाले. "कसं काय झालंय?"

"बरं झालंय."

"हितनं दिसतंय का?"

मास्तरांनी भोवती पाहिलं. "न्हाई तात्या. हितनं दिसत न्हाई." नृसिंहाची योजना इतकी चोख उतरेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"जाताना दाव. लांबनंच बगतो."

मास्तर आता सगळं सांगणार, तोच तात्यांनी त्यांना दंड धरून उठवलं. "तुझं डोळं भरून आल्यात की रं. लई ठनका दिसतोय. तू जा आदी. मावशी, ह्यो माझा धाकटा भाऊ हाय, ह्याला आदी जाऊ द्या."

"जाऊ दे की बाबा," बायडाबाई म्हणाल्या. "मला न्हाईतरी भ्या वाटतंय."

तात्यांनी स्वतःच दार ठोठावलं. कडी निघाली, आतून एक हात आला आणि मास्तर आत ओढले गेले.

"सांगितलंसा?" लीलाबाई कुजबुजल्या.

"न्हाई."

"मग इतका वेळ काय बोलत हुतासा?"

"दाढंबद्दल. माझी दुखतीया म्हनून सांगितलंय."

"तुमची? तुमची कवाधरनं दुखाय लागली?"

"दुखत न्हाई! कापूस दे."

लीलाबाईंनी लवंगेच्या तेलात बुडवून कापूस दिला. मग त्यांच्या डोळ्यांत एकदम चमक आली. "अवो, आता त्यांचाच नंबर हाय न्हवं? दार उगडंच ठेवते. डाक्टराचं समजून येऊ देत आत. एकदा आत आल्यावर मी पायावर पानी घालते, तुमी पाय धरा. आत आलेला मानूस काय परत जाईल?"

मास्तरांना युक्ती पटली. निदान गणितात तरी ती बसत होती. ते गाल फुगवून बाहेर आले.

"झालं?" तात्यांनी विचारलं.

तोंडात कापूस असल्यानं मास्तरांनी फक्त हातानं आत जायची खूण केली. तात्या उठले. दरवाजा सताड उघडा होता. आत पाट मांडलेला होता, तांब्या होता, भाकरीचा वास येत होता. एखाद्या दवाखान्यात भाकरी का भाजतात हा विचार तात्यांच्या मनात आला असेल तर तो दाढेनं दाबून टाकला. त्यांनी चौकटीला हात लावला आणि उजवा पाय उचलला.

मास्तर बघत होते. पायरीवर, पावसात, पोतं घेऊन उभा असलेला भाऊ त्यांना दिसला. तेव्हा आपण त्याला मागच्या दारानं बोलावलं. आज पुढच्या दारानं आणतोय, पण फसवून. या दारापेक्षा ते दार बरं होतं, असं त्यांना वाटलं. त्यांनी कापूस थुंकला.

"तात्या, थांबा! दवाखाना न्हवं ह्यो. माझं घर हाय!"

तात्यांचा पाय अधांतरीच राहिला. "काय म्हनलास?"

"घर हाय माझं. डाक्टर तिसऱ्या प्लॉटवर बसत्यात. माझा दातबी दुखत न्हाई."

"आनि मला गूळ कुनी दिला मग?" बायडाबाई उभ्याच राहिल्या. "दाताला गूळ! मला वाटलं नवीन औशीद निगालंय!"

तात्यांनी पाय सावकाश अलीकडे ठेवला. मग त्यांनी मागं वळून बाहेरच्या दाराकडे पाहिलं. तिथला उंबरा त्यांना आता दिसला. त्यांचा चेहरा बघता बघता उतरला. रागावले असते तर मास्तरांना परवडलं असतं.

"मोडलीस की रं माझी शपथ," ते हळू आवाजात म्हणाले. "बापाचं नाव घेऊन घातली हुती." त्यांनी खुंटीवरची काठी काढली.

आता गेले तर ते पुन्हा रस्त्यावरूनही घर बघायला येणार नाहीत, हे मास्तरांना कळून चुकलं. लीलाबाई तांब्या घेऊन आतल्या उंबऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि सरळ रडत होत्या. नेमका त्याच वेळी मौलाली गवंडी हॉलच्या भिंतीचे पोपडे बघायला दारात आला. एक बाई रडतेय, एक म्हातारी भांडतेय, एक पाहुणा काठी घेऊन उभा आणि मास्तर कापसाच्या बोळ्याकडे बघतायत, हे पाहून तो बाहेरच थबकला.

"मौलाली!" बुडत्यानं काडी धरावी तसं मास्तरांनी त्याला धरलं. "तू सांग. तात्यांनी उंबरा न वलांडायची शपथ घेतलीया. हे भाईरचा वलांडून आल्यात, आतला न्हाई. घराचा उंबरा कुठला?"

मौलालीनं मास्तरांकडे बघितलं. 'तवाच इचारलं हुतं' हे त्याच्या तोंडावर स्पष्ट उमटलं. पण मग त्यानं तात्यांचा चेहरा बघितला, लीलाबाईंचे डोळे बघितले, आणि तो आत येऊन दोन्ही उंबऱ्यांच्या मध्ये उकिडवा बसला.

"ह्यात काय अवघड हाय?" तो म्हणाला. "चौकट बसवताना हळदकुंकू, सुपारी घालून पूजा करत्यात. जिच्याखाली सुपारी, त्यो घराचा उंबरा. आनि सुपारी आतल्याखाली हाय. ह्यो भाईरचा काय, नुसता लाकडाचा ठोकळा. वाऱ्याला आडवा टाकलाय."

ही चक्क थाप होती. पूजा बाहेरच्या चौकटीची झाली होती, आणि ते मौलालीला, मास्तरांना आणि लीलाबाईंना, तिघांनाही ठाऊक होतं. तात्यांनी लीलाबाईंकडे पाहिलं.

"व्हय गं, लीला? सुपारी आतल्याखाली हाय?"

"व्हय भावजी," लीलाबाई पदरानं नाक पुसत म्हणाल्या. "माझ्या हातानंच घातलीया."

"हंबीर?"

मास्तरांनी झटकन गालाला हात लावला आणि दाढ दुखत असल्यासारखं करून मान हलवली.

तात्यांनी दोन्ही उंबऱ्यांवरून नजर फिरवली. "म्हंजे मी अजून भाईरच हाय?"

"भाईरच," मौलाली म्हणाला.

"मग ठीक हाय." त्यांनी काठी परत खुंटीला अडकवली आणि ते बाकावर बसले. "पानी आन गं. सकाळधरनं घसा वाळलाय. आनि भाकरी भाजालीस न्हवं? कुस्करून आन."

लीलाबाईंनी तात्यांच्या पायांवर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. मास्तर पायांवर डोकं ठेवायला वाकले आणि भाषण विसरून नुसतेच वाकून राहिले. तात्यांनी त्यांच्या पाठीवर एक धपाटा घातला. "ऊठ. दाढ दुखंल."

त्या दुपारी मास्तर तात्यांना आणि बायडाबाईंना घेऊन तिसऱ्या प्लॉटवर गेले. दोघांच्याही दाढा निघाल्या. बायडाबाई घरी गेल्या आणि तात्या हॉलमध्ये परत आले. एका दिवसाचे तीन दिवस झाले. तात्या आतला उंबरा ओलांडत नव्हते, आणि थोरल्या माणसाला बाहेर ठेवून आपण आत जेवायचं कसं, म्हणून सगळं घरच हॉलमध्ये आलं. ताटं हॉलमध्ये मांडली गेली, शाळेतून आल्यावर मास्तरांच्या मुलींचा अभ्यास हॉलमध्ये होऊ लागला, लीलाबाई तांदूळही तिथंच निवडू लागल्या. आतल्या खोल्यांत फक्त उजेड येऊन जात होता. दुसऱ्या दिवशी नृसिंह एका नव्या गिऱ्हाइकाला हॉल दाखवायला घेऊन आला, तर दारातच त्याच्या तोंडावर तात्यांचं ओलं धोतर आलं.

"मास्तर, हे... हे काय चाललंय?"

"प्रस्तावना," मास्तर भात कालवत म्हणाले. "लांबलीया जरा. बसा, तुमीबी जेवा."

गिऱ्हाईक जेवायला बसलं. त्याला हॉल फार आवडला.

चौथ्या दिवशी सकाळी तात्यांनी फेटा बांधला आणि मौलालीला बोलावणं धाडलं. मौलाली आला तेव्हा तात्या बाहेरच्या चौकटीचं लाकूड बोटांनी चाचपून बघत होते.

"मौलाली, आठ दिसाचं काम हाय. येतोस का गगनबावड्याला?"

"काय बांधायचंय?"

"असंच. माझ्या घराच्या म्होरं असली एक खोली काढ. हिकडं एक उंबरा, तिकडं एक उंबरा."

"तात्या," मास्तर हसले, "तुमाला कशाला हॉल पायजे?"

"मला न्हवं, तुला पायजे." तात्यांनी त्यांच्याकडे रोखून बघितलं. "त्या दिवशी पावसात मी शपथ घातली, आनि मी पाठ फिरवल्यावर तू काय वराडला हुतास रं?"

मास्तरांचं हसू विरलं. तात्यांची शपथ त्यांनी आठ वर्षांत कितीतरी लोकांना शब्दन् शब्द ऐकवली होती. माणसाला दुसऱ्याची शपथ चांगली पाठ असते. आपली मात्र मनाच्या कुठल्याशा अडगळीत पडून राहिली होती. आता ती वर आली. 'मीबी तुमच्या घरात पाय ठेवला तर विचारा!' रस्त्यावर सांडलेला तांदूळ, इन्स्पेक्टरांसमोर झालेली शोभा, आणि त्या भरात आपण भावाच्या पाठीवर फेकलेली ती शपथ. ते खाली मान घालून उभे राहिले.

"मी इसरलो हुतो, तात्या."

"मी न्हाई इसरलो. माझा उंबरा एकच हाय, म्हनून तू आला न्हाईस असं मी धरून चाललो." तात्या मौलालीकडे वळले. "सुपारी आतल्याच उंबऱ्याखाली घालायची. समजलं?"

"समजलं की," मौलाली म्हणाला, आणि जरा वेळानं त्यानं विचारलं, "तात्या, सुपारीचं तुमाला कवा कळलं?"

"त्याच दिशी. मी शेतकरी हाय. लाकूड नवं का जुनं, पूजा झाल्याली का न झाल्याली, चौकटीच्या वरच्या पट्टीवरचं हळदीचं डाग बगून कळतंय." त्यांनी बाहेरच्या चौकटीवरून बोट काढलं आणि धोतराला पुसलं. "पर तुमी तिघांनी मिळून माझ्यासाटी खोटं बोललासा. मग मीबी इश्वास ठेवला."

लीलाबाई आत जाऊन वाटेत खायला म्हणून भाकऱ्या बांधू लागल्या. मौलालीनं कानावरची पेन्सिल काढली.

"खोली किती मोठी काढू? लांबी काय धरायची?"

तात्यांनी मास्तरांकडे, पायापासून डोक्यापर्यंत, एकदा बघून घेतलं.

"ल्हानपनापासनं झोपंत पाय लई लांब टाकतंय ते," ते म्हणाले. "तेवढी धर."